आभाळाची वेस

जुन्या नगर शहराभोंवतीं कोट होता आणि त्या कोटाला वेशी होत्या. माळीवाड्याची वेस आणि दिल्ली दरवाजा आजहि जागेवर उभे आहेत. वेस ही मोठी बोलकी वस्तु आहे. येथून आंत कोणाचा तरी अंमल सुरू होतो, हें ती सांगते. आणि ती मिटलेली दिसली म्हणजे कांहीं वेळ थांबावें लागणार, हें वाटसरू न विचारतां ओळखतो. जमिनीवर राज्य करणाऱ्यांनीं अशा वेशी शेंकडों वर्षें बांधल्या. आभाळाला वेस बांधण्याचें मात्र कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. सुलतानाची सवारी निघाली कीं भालदार-चोपदार ललकाऱ्या देत रस्ता मोकळा करीत. मान वर करून पाहण्याची त्यांना गरज पडत नसे. वर उडत ते पक्षी, आणि संक्रांतीच्या दिवसांत मुलांचे पतंग.

आज स्थिति पालटली आहे. अहमदनगर हें नांव जाऊन २०२४ सालीं ज्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें, त्या जिल्ह्यांत शिर्डीजवळ काकडी या गांवीं विमानतळ झाला. १ ऑक्टोबर २०१७ रोजीं राष्ट्रपति रामनाथ कोविंद यांनीं त्याचें उद्घाटन केलें. पुढील वर्षीं, १९ ऑक्टोबर २०१८ रोजीं, साईबाबांच्या समाधि-शताब्दीच्या निमित्तानें पंतप्रधान नरेंद्र मोदी शिर्डीस आले. २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं ते पुन्हां आले आणि निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याच्या पाण्याचें त्यांच्या हस्तें पूजन झालें. त्याच वर्षीं ७ जुलै रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांनींहि शिर्डीस येऊन दर्शन घेतलें. असा पाहुणा यावयाचा असला म्हणजे रस्त्यांबरोबर आभाळहि मोकळें करावें लागतें. कांहीं तासांपुरती एक वेस आकाशांत उभी राहते. ती दिसत नाहीं. परंतु वैमानिकाला ती दगडी कोटाइतकीच खरी असते.

ही वेस उभारण्याची रीत साधी आहे. विमानवाहतुकीचा अंमल पाहणारे अधिकारी वैमानिकांसाठीं एक सूचना प्रसृत करतात. तिला सर्व जगांत नोटॅम म्हणतात. तिची भाषा तारेसारखी तुटक असते. अक्षांश-रेखांशांनीं ठरविलेला एक मध्यबिंदु, त्याभोंवतीं अमुक इतक्या सागरी मैलांचें वर्तुळ, जमिनीपासून अमुक इतक्या फुटांपर्यंतची उंची, आणि अमुक घटकेपासून अमुक घटकेपर्यंतची मुदत. सागरी मैल १,८५२ मीटरांचा असतो. वेळ जागतिक प्रमाण घड्याळाची असते. तींत साडेपांच तास मिळविले म्हणजे भारतीय वेळ निघते. एवढ्या चार ओळींनीं जणूं एक प्रचंड रांजण आकाशांत उभा केला जातो. त्या मुदतींत त्याच्या आंत परवानगीवांचून कोणी शिरावयाचें नाहीं, आणि जो आंत असेल त्यानें वेळेपूर्वीं बाहेर पडावयाचें.

यामागील कारणें समजण्यासारखीं आहेत. मोठ्या पाहुण्याचें विमान उतरत असतां त्याच्या वाटेंत दुसरें कांहीं येऊं नये, हें पहिलें. लाखोंच्या सभेवर किंवा यात्रेवर एखादें यंत्र कोसळूं नये, हें दुसरें. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें आहे. आकाशांत दिसणारा ठिपका मित्राचा कीं शत्रूचा, हें ठरविण्यास पहारेकऱ्यास फार थोडी मिनिटें मिळतात. ठरलेल्या मुदतींत आकाश रिकामें ठेवलें म्हणजे जो ठिपका दिसेल त्याच्याविषयीं निदान शंका तरी लगेच घेतां येते. रिकामें आकाश म्हणजे स्वच्छ पाटी. तिच्यावर उमटलेली एखादी रेघ चटकन् दिसते.

ही पद्धत अगदीं अलीकडची असावी असें वाटतें. पण तिचें मूळ विमानाहूनहि जुनें आहे. २१ नोव्हेंबर १७८३ रोजीं पॅरिस येथें माँगोल्फिए बंधूंच्या बलूनमधून माणसानें पहिलें मुक्त उड्डाण केलें. त्या बलूनखालीं जळती शेगडी असे. असें धूड घरांवर अथवा उभ्या पिकावर पडलें तर काय होईल, हा प्रश्न पॅरिसच्या पोलीस-प्रमुखास लगेच पडला आणि २३ एप्रिल १७८४ रोजीं त्यानें परवान्याशिवाय बलून उडविण्यास मनाई केली. उड्डाणास सहा महिनेहि झाले नव्हते, तोंच मनाई आली! हवेंतील कायद्याचा जन्म असा भीतीच्या पोटीं झाला. आणि ती भीति राजाच्या जिवाची नव्हती, सामान्य माणसाच्या छपराची होती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

राजाचा आणि आकाशाचा संबंध पुढें सव्वाशें वर्षांनीं आला. १९११ च्या जून महिन्यांत लंडन येथें पांचव्या जॉर्जचा राज्यारोहण-समारंभ व्हावयाचा होता. विमानाची नवलाई तेव्हां ताजी होती. मिरवणुकीच्या वाटेवर लक्षावधि माणसें दाटणार आणि एखादा हौशी वैमानिक त्यांच्या डोक्यांवरून आपलें लांकूड-कापडाचें यंत्र नेणार, ही धास्ती सरकारास वाटूं लागली. तीं यंत्रें केव्हां कोसळतील याचा नेम नसे. विन्स्टन चर्चिल हे त्या वेळीं गृहमंत्री होते. त्यांनीं पार्लमेंटांत घाईनें विधेयक आणलें आणि २ जून १९११ रोजीं त्याचा कायदा झाला. ठराविक प्रदेशावरून उडण्यास मनाई करण्याचा अधिकार गृहमंत्र्यास मिळाला. समारंभ २२ जूनला झाला. एका मोठ्या समारंभाकरितां आणि कांहीं काळापुरतें आकाश बंद करण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, तिचें घराणें या कायद्यापर्यंत पोंचतें. त्या कायद्याच्या नांवांत मात्र राजाचा उल्लेख नव्हता. विमानांपासून उद्भवणाऱ्या धोक्यांतून जनतेचें रक्षण करणें, असा त्याचा हेतु लिहिलेला होता.

त्याच वर्षीं हिंदुस्थानांतहि आकाशाकडे सरकारचें लक्ष गेलें. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीपर्यंत टपालाची थैली विमानांतून नेली. पाठोपाठ त्याच वर्षीं येथें हवाई जहाजांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. २ डिसेंबर रोजीं तेच पांचवे जॉर्ज दिल्ली दरबाराकरितां मुंबईस अपोलो बंदरावर उतरले. ते आले आगबोटींतून. त्यांच्या आगमनाची आठवण म्हणून पुढें तेथें जी वास्तु उभी राहिली, ती गेटवे ऑफ इंडिया, म्हणजे एक वेसच होय. ती १९२४ सालीं पुरी झाली. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ती कमान बांधून होईतोंपर्यंत राजेलोकांच्या येण्याजाण्याची वाट बदलण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं होतीं. पुढच्या वेशी हवेंत लागणार होत्या.

मधल्या काळांत पहिलें महायुद्ध झालें आणि वरून पडणाऱ्या वस्तूची भीति अपघातापुरती राहिली नाहीं. १३ ऑक्टोबर १९१९ रोजीं पॅरिस येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचें पहिलेंच कलम असें कीं, प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता आहे. हिंदुस्थानहि या कराराचा घटक होता. लष्करी कारणासाठीं किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं आपल्या भूमीवरील कांहीं प्रदेश उड्डाणास बंद करण्याचा हक्क राष्ट्रांना मिळाला. परंतु त्या हक्काबरोबर दोन अटी होत्या. बंद केलेल्या प्रदेशाची जागा व विस्तार आधीं प्रसिद्ध करावयाचा. आणि खासगी विमानांच्या बाबतींत आपलीं व परकीं असा भेद करावयाचा नाहीं. चुकून कोणी अशा प्रदेशावर गेलाच, तर ध्यानांत येतांच त्यानें संकटाची खूण करावी आणि प्रदेशाबाहेर जवळच्या तळावर उतरावें, असें ठरलें. म्हणजे वेशीवर पहारा बसला, त्याच वेळीं पहारेकऱ्यालाहि नियम लागले.

या देशांत १९३४ सालीं विमानविषयक कायदा झाला. ठराविक प्रदेशावरून उडण्यास सर्वस्वीं किंवा ठराविक वेळापुरती मनाई करणारे नियम करण्याची सत्ता त्या कायद्यानें सरकारास दिली. ‘ठराविक वेळापुरती’ या शब्दांत आजच्या साऱ्या तात्पुरत्या बंदीचें बीज आहे. १९३७ सालीं त्याखालीं नियम तयार झाले. त्यांच्या परिशिष्टांतील बंद प्रदेशांच्या यादींत एक नांव मुंबईकरांना विचार करावयास लावील असें आहे. तें म्हणजे मलबार हिलवरील पारशी समाजाची दोखमा, ज्यास लोक शांतिमनोरा म्हणतात. तेथें ना राजवाडा, ना दारूगोळ्याचें कोठार. मृतांचा अखेरचा विधि वरून कोणी पाहूं नये, या एका समाजाच्या भावनेसाठीं सरकारनें आकाशाला कुंपण घातलें. ज्या जे. आर. डी. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून जुहूपर्यंत टपालाचें विमान आणून देशांतील नियमित हवाई वाहतुकीचा पाया घातला, ते याच समाजाचे. विमान आणणारा आणि विमानापासून आडोसा मागणारा, दोघेहि एकाच नगरींतले. आणि दोघांनाहि जागा देणारें आकाश एकच.

दुसरें महायुद्ध संपत आलें तेव्हां ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें नवा करार झाला आणि पॅरिसच्या कराराची जागा त्यानें घेतली. त्याच्या नवव्या कलमांत दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. कायमचे बंद प्रदेश ठरवितांना त्यांचा विस्तार वाजवी असावा, हवाई वाहतुकीस विनाकारण अडथळा होऊं नये, ही एक. असाधारण प्रसंगीं अथवा आणीबाणींत सर्व प्रदेशावर किंवा त्याच्या भागावर तात्काळ, पण तात्पुरती, बंदी घालतां येईल, ही दुसरी. ‘वाजवी’ आणि ‘तात्पुरती’ हे दोन शब्द या विषयाचा आत्मा होत. राजसत्तेला आकाश बंद करण्याचा अधिकार आहे, याविषयीं १९४४ नंतर वाद राहिला नाहीं. वाद उरला तो किती आणि किती वेळ, एवढाच.

पुढील काळांत भीतीचें रूप पुन्हां पालटलें. २८ मे १९८७ रोजीं माथियास रुस्ट नांवाचा अठरा-एकोणीस वर्षांचा जर्मन तरुण एक लहानसें सेस्ना विमान घेऊन हेलसिंकीहून निघाला आणि जगांतील एका बलाढ्य राष्ट्राचा हवाई पहारा चुकवून मॉस्कोच्या लाल चौकाजवळ उतरला. कागदावर लिहिलेली वेस लहान यंत्राला अडवूं शकत नाहीं, हें त्यानें जगास दाखविलें. २००१ च्या सप्टेंबरांत न्यू यॉर्क येथें प्रवासी विमानांचींच शस्त्रें झालीं, आणि अमेरिकेंत अध्यक्षांच्या दौऱ्याभोंवतीं दोन वर्तुळांची पद्धत पक्की झाली. बाहेरचें वर्तुळ बहुधा तीस सागरी मैलांचें, आंतलें दहांचें, आणि उंची अठरा हजार फुटांपर्यंत. बाहेरच्या वर्तुळांत ओळख पटवून जातां येतें. आंतल्यांत हौशी वैमानिकास प्रवेश नाहीं. आणि ४ ऑगस्ट २०१८ रोजीं व्हेनेझुएलाची राजधानी काराकास येथें राष्ट्राध्यक्ष मादुरो एका सोहळ्यांत भाषण करीत असतां स्फोटकें बांधलेलीं ड्रोन-यंत्रें त्यांच्या रोखानें धाडण्यांत आलीं. आतां धोक्याला वैमानिकहि लागेनासा झाला. शिर्डीच्या समाधि-शताब्दीचा सोहळा त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनीं झाला.

ड्रोन-यंत्रानें या प्रश्नाला घराच्या अंगणांत आणून ठेवलें आहे. नगर जिल्ह्यांत पूर्वीं आकाशाशीं संबंध येणारी माणसें मोजकीं होतीं. निवडणुकीच्या दिवसांत साखर कारखान्याच्या किंवा शाळेच्या मैदानावर चुन्यानें वर्तुळ आंखून पुढाऱ्याचें हेलिकॉप्टर उतरविलें जाई. गांवचीं पोरें धूळ खात तें पाहण्यास धांवत. ज्या जिल्ह्यांत १९५०-५१ च्या हंगामांत विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, त्या जिल्ह्यांत अशीं मैदानें पुष्कळ आहेत. आज मात्र लग्नाची वरात टिपणारा छायाचित्रकार, उसावर औषध फवारणारा शेतकरी आणि जमिनीची मोजणी करणारा कर्मचारी हे तिघेहि एका अर्थानें वैमानिकच आहेत. मोठ्या पाहुण्याच्या दिवशीं बंदी येते ती त्यांच्यावरहि.

त्यांच्यासाठीं वेगळा नियम आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजीं केंद्र सरकारनें ड्रोनविषयक नियम जाहीर केले. त्यांत आकाशाचे तांबडा, पिवळा आणि हिरवा असे तीन पट्टे कल्पिले आहेत. हिरव्यांत मोकळीक, पिवळ्यांत परवानगी, आणि तांबड्यांत केंद्र सरकारच्या अनुमतीवांचून प्रवेश नाहीं. तांतडीची गरज पडल्यास राज्य सरकारास किंवा पोलिसांस एखाद्या भागावर तात्पुरता तांबडा पट्टा जाहीर करतां येतो. पण ही सत्ता मोकाट ठेवलेली नाहीं. एका वेळीं ९६ तासांपेक्षां अधिक मुदत नाहीं. हुकूम काढणारा अधिकारी पोलीस अधीक्षकाहून खालच्या दर्जाचा नसावा. आणि पट्ट्याचा आकार वाजवी असावा, गरजेहून मोठा नसावा. शिकागोच्या करारांतील तोच शब्द ७७ वर्षांनीं जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या टेबलापर्यंत येऊन पोंचला. १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम अमलांत आला, तरी हा धागा तुटलेला नाहीं.

आकाश बंद होण्याची नगरकरांना संवय नाहीं असें नाहीं. शहराजवळ लष्कराच्या चिलखती दलाचें शिक्षण-केंद्र आहे आणि त्याचें के. के. रेंज नांवाचें गोळीबाराचें क्षेत्र आहे. २२ सप्टेंबर २०२० रोजीं तेथेंच अर्जुन रणगाड्यावरून लेसर-किरणांनीं वाट दाखविलेलें क्षेपणास्त्र डागण्याची चांचणी झाली. तोफ डागली जात असतां तिच्यावरच्या हवेंतून विमान जाऊं नये, हें कोणालाहि पटतें. निसर्गहि कधीं वेस मिटतो. २०१९ च्या नोव्हेंबरांत धूसर हवेमुळें शिर्डीचीं विमानें कित्येक आठवडे बंद राहिलीं. त्याबद्दल यात्रेकरू हळहळले, पण रागावले नाहींत. तोफेपुढें आणि धुक्यापुढें माणूस मुकाट्यानें थांबतो. कारण तेथें धोका त्याचा स्वतःचा असतो. पाहुण्यासाठीं थांबतांना मात्र त्याच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो: हें थांबणें सुरक्षिततेसाठीं आहे, कीं मोठेपणासाठीं?

हा प्रश्न केवळ मनांतच राहिलेला नाहीं. १४ फेब्रुवारी २०२२ रोजीं पंजाबांत निवडणुकीचा प्रचार रंगांत असतां पंतप्रधानांच्या दौऱ्यामुळें तेथील तत्कालीन मुख्यमंत्री चरणजितसिंग चन्नी यांच्या हेलिकॉप्टरला चंडीगढहून उडण्याची परवानगी मिळाली नाहीं, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. ४ नोव्हेंबर २०२४ रोजीं झारखंडांत प्रचाराच्याच दिवसांत मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांचें हेलिकॉप्टर अशाच कारणानें सुमारें दीड तास खोळंबलें, अशी तक्रार त्यांच्या पक्षानें थेट राष्ट्रपतींकडे नेली. अशा वादांत कोणाची बाजू खरी, हा निराळा प्रश्न. त्यांतून एक गोष्ट मात्र उघड झाली. निवडणुकींत वेळ हेंच धन असतें. आणि आकाशाची किल्ली ज्या सरकारच्या हातीं, त्या सरकारचा प्रमुख स्वतःहि उमेदवारांच्या बाजूनें मैदानांत असतो. अशा वेळीं बंदीचें वर्तुळ एक मैल मोठें कीं लहान, मुदत पाव तासाची कीं दोन तासांची, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाहीं. तो न्यायाचा होतो. मुख्यमंत्र्याची तक्रार निदान वृत्तपत्रांत येते. रुग्णाला घेऊन निघालेल्या विमानाला किंवा इंधन संपत आलेल्या शिकाऊ वैमानिकाला वळसा घालावा लागला, तर त्याची वार्ता सहसा कोठें छापली जात नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, लोकशाहींत मोठ्या माणसासाठीं आकाश अडविणेंच मुळांत गैर आहे. हें म्हणणें टिकणारें नाहीं. राष्ट्रपति किंवा पंतप्रधान यांचा घात हा एका व्यक्तीचा घात नसतो. त्यांच्या पाठीमागें कोट्यवधि लोकांचें मत उभें असतें, आणि तें मत वांचविण्यासाठीं कांहीं तास थांबणें हें नागरिकाचें कर्तव्यच आहे. परंतु जें मत त्या माणसाला पहाऱ्याचा हक्क देतें, तेंच मत थांबणाऱ्यालाहि कांहीं हक्क देतें. कोठें, किती उंच, किती वेळ आणि कशासाठीं, हें त्यास आधीं कळलें पाहिजे. वर्तुळ गरजेहून तसूभरहि मोठें असतां कामा नये. जीव वांचविण्यास निघालेल्यास वाट मिळाली पाहिजे. आणि पाहुणा गेला कीं त्याच घटकेला आकाश पुन्हां सर्वांचें झालें पाहिजे.

पॅरिसचा पोलीस-प्रमुख, लंडनचा गृहमंत्री, शिकागोस जमलेले मुत्सद्दी आणि एखाद्या जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक यांना जोडणारा इतिहास एवढाच आहे. आकाश बंद करण्याची सत्ता प्रत्येक पिढींत वाढत गेली; पण तिच्याबरोबर तिला घातलेली मर्यादाहि शब्दाशब्दानें वाढत आली. कायद्याच्या पुस्तकांत त्या मर्यादेला ‘वाजवी’ असें एक साधें नांव आहे. तें पुस्तकांत राहिलें तर आकाशाची वेस म्हणजे पूर्वीच्या चोपदाराची ललकारीच ठरेल. तें व्यवहारांत उतरलें तर काकडीच्या धांवपट्टीवर दहा मिनिटें खोळंबलेला वैमानिक घड्याळ पाहील, मुदत संपण्याची वाट पाहील आणि वेळ होतांच, मनांत किल्मिष न ठेवतां, आपल्या वाटेनें उडून जाईल.